डिशवॉशर: पाणी तुंबते, येत नाही, गळते (इंदूरकरांचा अनुभव धागा)

भांडी स्वच्छ निघत नाहीत म्हटले की आपण मेकॅनिकला फोन लावतो, पण दोष बहुधा नळात, पाइपात नाहीतर जाळीत असतो. शिवाय आपल्याकडे एक दिवसाआड नळाला येणारे नर्मदेचे पाणी आणि बोरिंगचे पाणी दोन्ही एकाच टंकीत. घरच्या घरी काय तपासता, ते नेमके लिहा. गप्पा नकोत.

रामबागकर
तळाशी पाणी साचले तर आधी स्विच बंद. खालचा रॅक काढा, वाटीने आणि स्पंजाने पाणी उपसा. फिल्टर डावीकडे फिरवून उचला. त्याखालच्या खड्ड्यात ड्रेन पंपाचे छोटे झाकण असते, बऱ्याच मॉडेलांत ते चमच्याच्या दांड्याने सुटते. आत चिमुकला पंखा दिसेल, तो लाकडी काडीने फिरवा. पंखा अडखळत, झटक्याझटक्याने फिरतो. ते चुंबकामुळे, त्याला बिघाड समजू नका. तिथे लिंबाची बी, टूथपिक, कोथिंबिरीचा देठ सापडतो, कधी काचही, म्हणून नुसते बोट घालू नका. फिल्टर परत बसवताना लॉक होईपर्यंत फिरवा. सैल राहिला की पोह्यांतली मोहरी थेट पंपात जाते.
आणि हो, फिल्टरखाली थोडे पाणी कायम राहतेच. तो दोष नव्हे.

सुदामानगरची ताई
काका, पंखा साफ असूनही पाणी तुंबले तर? ड्रेन पाइपाचे टोक बादलीत धरून पाणी काढायचा प्रोग्राम लावा. जोरात आले तर मशीन ठीक, अडथळा सिंकखाली. सिंकखालच्या नव्या ट्रॅपला (वाकड्या पाइपाला) डिशवॉशर जोडायचे तोंड असते, ते आतून पडद्याने बंद असते. प्लंबर पाइप जोडतो, पडदा कापायला विसरतो! पाइप ओट्याच्या खालच्या बाजूला उंच बांधा, म्हणजे सिंकचे घाण पाणी मागे येत नाही. तो सरळ मोरीच्या जाळीत सोडला तर उलटाच त्रास: मशीन भरता भरताच रिकामे होते. टोक जमिनीपासून साधारण ४० सेंमी ते १ मीटर उंचीवर हवे, आणि पाण्यात बुडलेले नको.

लोकमान्यनगर
पाणी आत येत नसेल तर हिशेब साधा: टंकी नळापेक्षा १० मीटर उंच असली की १ बार दाब. एकमजली घरात तो जेमतेम ०.३ बार. बॉशच्या पुस्तिकेत किमान ०.५ बार आणि मिनिटाला १० लिटर मागतात. नळाखाली बादली ठेवून घड्याळ लावा. कमी भरले तर बूस्टर पंप लागणार, मशीन बदलून उपयोग नाही. बादली वेळेत भरली तर इनलेट पाइपाचा (पाणी आत आणणाऱ्या) पाऊण इंची नट सोडवा. आतली जाळी पक्कडीने ओढून काढा, जुन्या ब्रशने घासा, पांढरा थर असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवा. नर्मदा आल्यावर टंकीचा गाळ हलतो, तोच इथे अडकतो. मात्र पाइपाच्या टोकाला प्लॅस्टिकची मोठी डबी असेल तर ती पाण्यात बुडवू नका, आत विजेचा व्हॉल्व्ह असतो.

बोरिंगवाले
मशीनमधला सॉफ्टनर मिठाच्या मदतीने पाणी मऊ करतो. त्याची सेटिंग टीडीएस मीटरवर ठरवू नका, तो पाण्याचा कठीणपणा सांगत नाही. कठीणपणा तपासायची पट्टी घेऊन मोजा आणि बोरिंगच्या आकड्यावर सेट करा. मीठ डिशवॉशरचेच हवे. स्वयंपाकाच्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ सॉफ्टनर चोंदवतात.

रामबागकर
एक राहिले. बॉशवर ई१५ हा एरर कोड आला, पंप थांबतच नाही: मशीनच्या बुडाच्या ट्रेमध्ये पाणी उतरून फ्लोट (तरंगता स्विच) उचलला गेलाय. नळ बंद करा, प्लग काढा, दोघांनी मिळून मशीन मागे कलवा, पाणी बाहेर पडेल. पण ते आले कुठून? दाराचे रबर पाहा, पाइपाचे जोड पाहा, आणि घरात कोणी हाताने भांडी घासायचे सिंकवरचे जेल तर मशीनमध्ये घातले नाही ना, ते विचारा. त्याचा फेस दारातून उतू जातो. कारण न शोधता नुसते कलवत बसाल तर ई१५ पुन्हा येणारच.