धुरा, मुकादम की कारभारी : टीमच्या माणसाला मराठीत म्हणायचं काय?

कयाधूकाठ (हिंगोली)
आमची ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही बघता-बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भाषांतराची टीम आहे, दहा-बारा जण, हिंगोली वसमत परभणी नांदेडकडचे, सगळे फावल्या वेळात करणारे, पगार कुणालाच नाही. टीमची नियमावली मराठीत लिहायला घेतली अन् दुसऱ्याच पानावर अडकलो. प्रत्येक टीममध्ये दोन जण असे असतात की बैठक लावायची, काय झालं ते लिहून ठेवायचं, बाकीच्या टीमला कळवायचं, अन् वर्षभरानं दुसऱ्याच्या हातात द्यायचं. इंग्रजीत त्याला रिप्रेझेंटेटिव्ह म्हणतात. त्याचं छोटं रूप (rep) देवनागरीत लिहायचीच सोय नाही, वाचणाऱ्याला भलताच अर्थ लागतो.

मी लिहिलं, 'टीमची धुरा दोघांकडे राहील.' वसमतच्या ताईनं वाचून विचारलं, दोघांत धुरा म्हणजे त्यांचा वाद चालूय का? आमच्याकडं धुरा म्हणजे बांध, दोन वावरांच्या मधला, मी स्वतः घरी तसंच बोलतो पण लिहिताना ध्यानातच आलं नाही. त्यावर पुण्याचा एक मित्र म्हणायला की धुऱ्याला असा अर्थच नाही, तुम्ही चुकीचं बोलता. आधी हे सांगा की चुकीचं आहे का, अन् मग शब्द सुचवा.

जुना मास्तर (परभणी)
चुकीचं अजिबात नाही. परभणी हिंगोली नांदेड, पलीकडं विदर्भात, बांधाला धुराच म्हणतात, तलाठ्याकडं गेलेली निम्मी भांडणं धुऱ्याचीच असतात. 'ती धुरा' वेगळी अन् 'तो धुरा' वेगळा, लिंग बघा म्हणजे कळतं. संस्कृतातला धुर् म्हणजे जू, बैलाच्या मानेवरचा भार. त्यावरून धुरंधर, धुरीण, अन् आपला गाडी हाकणारा धुरकरी. बांधाचा धुरा कुठून आला याचं माझं स्वतःचं मत असं आहे की औत जिथं वळतं, बैलाची जोडी जिथं फिरते ती जागा म्हणजे धुरा. आजोबांसोबत औतामागं चाललेलो आहे म्हणून सांगतो, पुस्तकातलं नाही. टीमच्या माणसाला 'धुरकरी' म्हणा, गाडी त्याची नसली तरी हाकतो तोच.

शब्दवेल्हाळ (लातूर)
सर, धुरकरी आजच्या पोरांना कळणार नाही, गाड्याच राहिल्या नाहीत. सरळ 'समन्वयक' म्हणा की. नवा शब्द जड वाटतो पण रुळतो, महापौर हा शब्द सावरकरांनी घडवलेला, आज कुणाला खटकतो का? मराठी विकिपीडियावर अॅडमिनला प्रचालक म्हणतात, तोही सुरुवातीला मला परका वाटायचा, आता हाताला बसलाय.

बालाघाट (बीड)
समन्वयक म्हटलं की मला पंचायत समितीतली खुर्ची दिसते. आमच्या भागात माणसं एकत्र करून कामाला लावणाऱ्याला एकच शब्द, मुकादम. पण तो तुम्ही घेऊ नका, अन् का नको ते नीट सांगतो कारण माझे आईवडील पंधरा वर्षं ऊसतोडीला गेलेत. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा असला तर अर्धा कोयता. मुकादम कारखान्याकडनं पैसे घेतो अन् कोयत्याला उचल देतो. उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला, मधूनच घरी येता येत नाही. तुमच्या टीममधून कुणाला जावं वाटलं तर तो उद्या जाऊ शकतो, कुणी अडवत नाही. ज्या कामात सोडून जायची मोकळीक आहे तिथं मुकादम हा शब्द बसत नाही.

जुना मास्तर (परभणी)
दादा, तुमचं पटलं. पण शब्द काही जन्मापासून तसा नाही. अरबी मुकद्दम म्हणजे पुढं ठेवलेला. जुन्या कागदांत मोकदम म्हणजे गावचा पाटील. आपला भाग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाकडं होता, दफ्तर उर्दूत, म्हणून असले शब्द आपल्या तोंडात घट्ट बसलेत.

आता गंमत बघा, मुकद्दम म्हणजे पुढचा. फारशीतला पेशवा म्हणजे पुढं चालणारा. पुढारी, म्होरक्या, अग्रणी, सगळे पुढचेच! शिवाजी महाराजांनी फारशी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवला, त्या काळात पेशव्याला 'मुख्य प्रधान' केलं, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव. त्यातला सचिव आज मंत्रालयात बसलाय, पण पेशवा शब्द कोशाला बधला नाही, लोकांनी तोच ठेवला. तेव्हा शब्दवेल्हाळ, घडवलेला शब्द रुळतोही अन् रुळत नाहीही.

कयाधूकाठ (हिंगोली)
सर, तुम्ही नेमकं बोट ठेवलं, अडचण इथंच आहे. आमचा माणूस पुढं चालणारा नाहीच. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या नियमावलीत तर स्पष्ट लिहिलंय की याला लीड म्हणत नाही ते मुद्दाम, हे व्यवस्थेचं काम आहे, आलटून पालटून करायचं. डेबियन या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पात लीडर म्हणतात, दरवर्षी मतदान होतं, पण त्यांच्या घटनेत असंय की कुणावरही काम करायची सक्ती नाही, म्हणजे लीडरनं हुकूम सोडला तरी ऐकायलाच पाहिजे असं नाही. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं वेगळं, तिथं ज्यानं भाषा काढली त्याला तहहयात हुकूमशहा म्हणायचे, भला हुकूमशहा, २०१८ मध्ये तो स्वतःच बाजूला झाला अन् आता पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ आहे. म्हणून 'पुढचा' सोडून शब्द पाहिजे. पाठीराखा कसा वाटतो?

बालाघाट (बीड)
पाठीराखा म्हणजे संकटात मागं उभा राहणारा. बैठकीचं टिपण लिहिणाऱ्याला फार मोठा होतो.

रानजाई (नांदेड)
मघापासून वाचायले. एक गोष्ट कुणीच काढली नाही. यंदा त्या टीमवर निवडलेल्या दोघी मुली आहेत, त्यातली एक मी. आता कारभारी म्हणा म्हणून मला तिघांनी सांगितलं. कारभारीण म्हणजे काय? कारभाऱ्याची बायको. पाटलीण पाटलाची, मुकादमीण मुकादमाची. आमची आजी तर आजोबांनाच 'कारभारी' म्हणून हाक मारायची. हुद्द्याचा शब्द बाईकडं आला की तो तिच्या नवऱ्याचा होतो, हे मला शाळेपासून खुपतं. मला माझ्या कामाचा शब्द पाहिजे.

शब्दवेल्हाळ (लातूर)
ताई, म्हणूनच म्हणतो समन्वयक. किंवा प्रतिनिधी. तो प्रतिनिधी, ती प्रतिनिधी, प्रश्नच मिटला.

रानजाई (नांदेड)
प्रतिनिधी निवडून गेला की परत येत नाही असं आमच्या गावातले म्हणतात. पण ठीक आहे, कारभारणीपेक्षा बरा.

रात्रपाळी (जालना)
मधेच येतो, विषय थोडा बाजूचा आहे. मेंटेनरला, म्हणजे कोडचा एखादा भाग सांभाळणाऱ्याला, तुम्ही काय करायले? लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, मेंटेनर्स नावाची एक फाईलच आहे, कोणता भाग कोण बघतं त्याची यादी, अन् ज्या भागाला वालीच नाही त्यापुढं 'ऑर्फन' लिहितात. अनाथ लिहायला जीव होत नाही. मी 'पडीक' लिहिलं. जे रान कुणी वाहत नाही ते पडीक, उद्या कुणी नांगर घातला की वहितीत येतं. मेंटेनरला जागल्या म्हणावं वाटतं, हरभऱ्याच्या जागलीला रात्ररात्र बसलोय, नुसती राखण असते, पीक आपलंच असतं असं नाही.

जुना मास्तर (परभणी)
पडीक फार चांगला! जागल्यावर मात्र विचार करा, तो नुसता हाकलतो, डुकरं हाकलतो. मेंटेनर लोकांचे बदल आत घेतो पण. खुरपणारा, निंदणारा असा काहीतरी शब्द शोधा.

गोदाकाठ (गंगाखेड)
मूळ प्रश्नावर येते. सप्ताहात वीणा असते. सात दिवस ती खाली ठेवायची नाही, पहारे लावलेले असतात, याच्या गळ्यातून काढली की त्याच्या गळ्यात. घेताना पाया पडतात अन् देतानाही पाया पडतात. वीणा गळ्यात आहे म्हणून तो महाराज होत नाही, कीर्तन दुसराच करतो, टाळकरी आपापलं वाजवतात, पण वीणा थांबली तर सप्ताह मोडला. तुमचं काम हेच आहे, वेगळं काय? विणेकरी म्हणा. तो विणेकरी, ती विणेकरी. नियमावलीत 'टीमची वीणा वर्षभर दोघांकडे' असं लिहा, मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

शब्दवेल्हाळ (लातूर)
सॉफ्टवेअरच्या नियमावलीत सप्ताह कशाला? टीममध्ये सगळेच वारकरी घरातले असतील असं धरून चालता येत नाही.

गोदाकाठ (गंगाखेड)
पेशवा म्हणताना कुणी फारशी शिकलं नव्हतं.

कयाधूकाठ (हिंगोली)
मला विणेकरी लई आवडला. पण दोघी एकाच वेळी असतात, वीणा एक. अन् शब्दवेल्हाळ म्हणतात तेही सोडून देता येत नाही, टीममध्ये दोघं मुस्लिम मित्र आहेत, त्यांना आधी विचारतो.

रानजाई (नांदेड)
विचारा. मीही एक विचारते गोदाकाठताईंना. तुमच्याकडं पहाऱ्याला बायकांची नावं लागतात का?

गोदाकाठ (गंगाखेड)
आमच्या गावात दिवसाचे पहारे बायकाच घेतात. माझा दुपारी बारा ते दोन.

रानजाई (नांदेड)
आमच्याकडं अजून देत नाहीत.