शब्दचर्चा : 'लेकरं किती?' की 'बाळंतपणं किती?'

प्रश्न (आर्वी तालुका) : मी आशा आहे. अंडाशयाच्या कॅन्सरबद्दल बायांना सांगताना 'पॅरिटी'ला काय म्हणावं? 'प्रसवसंख्या' गावात कोणालेच समजत नाही. "लेकरं किती?" चालते का?

उत्तर : नाही चालत, ताई. बाई घरातली लेकरं मोजते. पॅरिटीत बाळंतपणं मोजतात, मग बाळ जगो की मेलेलं जन्मो. जुळी झाली तरी बाळंतपण एकच. माझ्या आत्यानं दवाखान्यात "दोन" सांगितलं. नर्सबाईनं "बाळंतपणं किती?" विचारलं, तेव्हा पदर सावरत म्हणाली, "चार. दोन हाती नाही लागली." म्हणून आधी "दिवस किती वेळा गेले?" अन् मग "बाळंतपणं किती झाली?" असं विचारा. पडलेला गर्भही त्यातून कळतो.

प्रश्न : त्याचा कॅन्सरशी संबंध काय?

उत्तर : दर महिन्याला बीजांड सुटताना अंडाशयाचा पापुद्रा फाटतो अन् भरून येतो. दिवस गेले की हे थांबतं. अंगावर पाजत असतानाही बहुधा लांबतं. सतत बीजांड सुटण्यामुळे धोका वाढत असावा, हा विचार इजिप्तचे डॉक्टर महमूद फतल्ला यांनी 1971 मध्ये मांडला. पण एका बाळंतपणानं मिळणारं संरक्षण नुसत्या 9 महिन्यांच्या हिशोबात बसत नाही, त्याहून जास्त असतं. पहिल्या बाळंतपणाचा फायदा सगळ्यात मोठा. गर्भनिरोधक गोळ्या काही वर्षं घेतल्या तरी धोका बराच कमी होतो.

आणखी एक : "वांझ स्त्रियांना धोका जास्त" असं कृपा करून कुठंही लिहू नका. तो शब्द ऐकला की बाई पुन्हा तपासणीला येत नाही. "ज्यांचं बाळंतपण झालं नाही" म्हणा. त्यांच्यातल्याही बहुतेकींना हा आजार होत नाही, अन् चार बाळंतपणं झालेलीलाही होऊ शकतो. माय-बहिणीला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झाला होता का, हे मात्र जरूर विचारा.

प्रश्न : अन् "पिशवी काढली" म्हणणाऱ्या बायांचं?

उत्तर : पिशवी म्हणजे गर्भाशय. अंडाशय आत असू शकतात, ऑपरेशनचा कागद पाहा. गावातली तपासणी तोंड, स्तन अन् गर्भाशयमुखाची असते, अंडाशयाची नाही. म्हणून पोट फुगलेलं राहणं, दोन घासांत पोट भरणं, घडीघडी लघवीला जावं लागणं असं काही आठवडे चाललं, तर गॅस म्हणून सोडू नका, डॉक्टरकडे न्या.