हृदयातील पेशींचा संवाद आणि एक्झोसोम

परळकर
वडिलांच्या अँजिओप्लास्टीनंतर हृदयाविषयी मिळेल ते वाचतो आहे. एका दवाखान्याच्या पत्रकात 'एक्झोसोम हृदयाची झीज भरून काढतात' असे छापले आहे. हृदयाच्या पेशी विजेच्या संकेतांनी जोडलेल्या असतात, एवढे मला ठाऊक आहे. मग एक्झोसोमचे तेथे काय काम, आणि हा दावा कितपत खरा?

सूक्ष्मदर्शी
विजेचा संकेत सर्व स्नायुपेशींचा ठोका एकाच वेळी पडावा यासाठी असतो आणि तो गॅप जंक्शनमधून (दोन पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांमधून) क्षणार्धात शेजारच्या पेशीत जातो. परंतु हृदयात फायब्रोब्लास्ट (ऊतींना आधार देणारे तंतू बनवणाऱ्या पेशी), रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी आणि प्रतिकारशक्तीच्या पेशीही असतात. त्यांच्यातील सावकाश देवाणघेवाणीचा एक मार्ग म्हणजे एक्झोसोम. पेशीतील एका मोठ्या पुटिकेच्या (पटलाने वेढलेल्या पिशवीच्या) आत साधारण ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिका तयार होतात, आणि ती पेशीपटलाला जाऊन मिळाली की या लहान पुटिका बाहेर पडतात. १९८३ साली अपरिपक्व तांबड्या पेशींत हे दिसले, तेव्हा पेशी आपला केरकचरा टाकते आहे, असाच अर्थ लावला गेला. त्यांतील आरएनए दुसऱ्या पेशीत जाऊन कामाला लागतो, हे २००७ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले.

मला सर्वांत बोलके वाटते ते २०१४ चे काम. फायब्रोब्लास्टच्या एक्झोसोममध्ये मायक्रो-आरएनए-२१ (जनुकांचे काम आवरणारा एक छोटा आरएनए) याची जी साखळी एरवी नष्ट होते, तीच भरपूर सापडली. ती स्नायुपेशींत पोहोचल्यावर त्या पेशी आकाराने वाढल्या. म्हणजे हा निरोप हृदयाला अपायकारकही असू शकतो.

माटुंगेकर
म्हणूनच 'कोणत्या पेशींचे एक्झोसोम?' हा प्रश्न आधी विचारावा. २०१४ सालीच उंदरांवरील एका प्रयोगात हृदयातून वाढवलेल्या पेशींच्या एक्झोसोमने झटक्यानंतरची इजा कमी केली, त्वचेच्या फायब्रोब्लास्टच्या एक्झोसोमने मात्र केली नाही. शिवाय रक्तातून ते वेगळे काढताना तेवढ्याच आकाराचे मेदकण सोबत येतात, त्यामुळे बाटलीत नेमके काय आहे हे सांगणेही सोपे नसते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१९ साली अशा विनापरवाना उत्पादनांविषयी जाहीर इशारा दिला होता.

परळकर
पत्रकात पेशींचा उल्लेखच नाही. 'नैसर्गिक' हा शब्द मात्र चार वेळा आहे.

माटुंगेकर
मग त्या वाटेला जाऊ नका. स्टेंट बसवला असेल, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. कोणी 'आता त्यांची गरज नाही' असे म्हणाले तरीही.