बाबांच्या टॅक्सीला स्पीडचा तालांव (चलान) आलाय, भरून टाकू की लढू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यातल्या पेडण्याचे. बाबा २७ वर्षं टॅक्सी चालवतात आणि आजवर त्यांना एकही तालांव आलेला नाही, त्यामुळे घरात कुणालाच ह्यातलं काही कळत नाही म्हणून इथे विचारतेय.

झालं असं की गेल्या महिन्यात बाबा सावंतवाडीला भाडं सोडून परत येत होते, पुढे म्हापशाला दुसरं भाडं होतं, तर मालपे ते धारगळच्या मधे हायवेवर कुठेतरी कॅमेऱ्याने फोटो काढलाय. स्पीड ६८, मर्यादा ५०. मेसेज आला २३व्या दिवशी. बाबांना आधी वाटलं खोटाच असणार, कारण व्हॉट्सअपवर चलानच्या नावाने त्या एपीके (फोनमध्ये अॅप घुसवणाऱ्या) फाइली फिरतात ना, आमच्या शेजाऱ्यांनी तसली एक उघडली आणि खात्यातले पैसे गेले. म्हणून मी लिंक न उघडता सरळ परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघितलं, तर चलान खरंच आहे.

बाबा म्हणतात की ६५-७०ने गाडी असेल, मी खोटं बोलणार नाही, पण ५०चा बोर्ड मला दिसला नाही. चौकीवर विचारायला गेलो तर भरून टाका एवढंच सांगितलं. दंड जड नाही हो, पण परत कधी झालं तर लायसन्स जाईल असं स्टँडवरचे सगळे सांगतात आणि ५८व्या वर्षी लायसन्स गेलं तर ते काय करणार? रात्री झोपत नाहीत. कुणी असं चलान आव्हान दिलंय का? कोर्टात जावं लागतं का?

डिचोलीकर: ताई, स्टँडवर सांगतात ते खरं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८३, हलक्या गाडीला दंड १००० ते २०००, आणि दुसऱ्यांदा झालं तर लायसन्स जप्त करायची तरतूद आहे. लोकांना वाटतं पैसे भरले की विषय संपला, पण २०१९च्या दुरुस्तीनंतर तडजोडीने, म्हणजे कोर्टात न जाता भरलेला दंडसुद्धा पहिला गुन्हा म्हणून धरतात. तेव्हा बाजू खरी असेल तर न लढता भरू नका.

आता मुद्द्याचं. चौपदरी हायवेवर कारला केंद्राच्या ६ एप्रिल २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे १००ची मर्यादा आहे. तिथे ५० करायची तर कलम ११२ खाली राज्याने राजपत्रात अधिसूचना काढून शिवाय जागेवर बोर्ड लावायला हवा, दोन्ही. रस्त्याचं काम वगैरे असेल आणि मर्यादा महिनाभराच्या आतली असेल तर अधिसूचना लागत नाही, पण बोर्ड तेव्हाही लागतो. कॅमेऱ्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७ए वेगळा आहे, त्यात पुढे कॅमेरा आहे असा इशारा देणारा बोर्ड आधी हवा, गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायला हवी, चलानवर नंबरप्लेटसकट स्पष्ट फोटो, मोजलेला स्पीड आणि जागा-वेळ हवी, आणि यंत्राला दरवर्षी प्रमाणपत्र लागतं. तुमचा २३वा दिवस जपून ठेवा, मेसेजचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढा. पण पोस्टाने कागद आधी कुठे गेलाय का ते बघा, आरसीवर (गाडीच्या नोंदणीवर) पत्ता आणि मोबाइल जुना असतो पुष्कळांचा.

एक वाचक: मी भरून मोकळा झालो होतो. कोर्टाची एक फेरी म्हणजे एका दिवसाचं भाडं बुडतं, वयस्कर माणसाला कशाला त्रास?

डिचोलीकर: आधी कोर्टच नको. साइटवर तक्रारीचा पर्याय आहे, तिथे फोटो जोडून लिहा. नाही ऐकलं तर मग कोर्ट. लिहिताना स्पीड कमी होता असं अजिबात लिहू नका, बाबा स्वतः नाही म्हणत नाहीत ना. बोर्ड आणि १५ दिवस, एवढ्यावरच राहा.

धागाकर्ती: दादा, खूप खूप आभार. भरण्याबद्दल लिहिलंय त्यांचं पण पटतं, आईपण तेच म्हणते, पण न बघितलेल्या बोर्डासाठी २७ वर्षांच्या कोऱ्या लायसन्सवर पहिला गुन्हा बाबांना नकोय आणि मलाही.

काल रविवारी भावाला घेऊन तोच रस्ता परत केला. पत्रादेवीकडून येताना त्याने गाडी चालवली, मी फोनवर सलग व्हिडिओ घेतला, मधे कुठे बंद केला नाही. चलानच्या फोटोत मागे बसस्टॉपची शेड दिसते, त्यावरून जागा ओळखली. शेडच्या आधी एकही बोर्ड नाही, ना ५०चा, ना कॅमेऱ्याचा. ५०चा बोर्ड आहे, पण शेडच्या पुढे, मी पावलं मोजली, १४० झाली, आणि अर्धा फांद्यांत गेलाय. म्हणजे फोटो निघाला तेव्हा बाबा बोर्डापर्यंत पोचलेलेच नव्हते! आरसीवरचा मोबाइल बाबांचाच आहे, पत्ताही हाच, पोस्टात विचारलं, काही आलेलं नाही.

आज रात्री तक्रार लिहायला बसतेय. एकच राहिलं, बोर्ड त्या दिवशीही तिथेच होता, मागे-पुढे हलवला नव्हता हे कसं दाखवायचं? त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या कुणाकडे डॅशकॅमचं (गाडीत लावलेल्या कॅमेऱ्याचं) गेल्या महिन्याचं रेकॉर्डिंग असेल तर प्लीज कळवा, मी पेन ड्राइव्ह घेऊन येते.