उपवासकाळात राजकारण सोडणं ही पळवाट आहे का? (मार्च 2025 मधली चर्चा)

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी, मी मूळचा वसईचा, बरीच वर्षं घोडबंदर रोडला राहतो. यंदा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या आम्हा ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, 5 मार्चला आला तेव्हा घरी सांगून टाकलं की मटण-चिकन तर दरवर्षी सोडतोच, यावेळी ईस्टरपर्यंत राजकारण सोडणार. म्हणजे न्यूज चॅनल बंद, रील बंद, कुठल्याच ग्रुपवर वाद नाही. कारण असं की नोव्हेंबरच्या विधानसभेनंतर आमच्या चुलत भावंडांच्या ग्रुपवर जे काय चाललं ते वाचवत नव्हतं, नाताळला एका पंगतीत जेवणारी माणसं एकमेकांना विकले गेलेले म्हणायला लागली. धाकट्या चुलत भावाने ग्रुप सोडला तो सोडलाच, आता माझाही फोन उचलत नाही. आणि आता औरंगजेबाच्या कबरीवरून तेच, लाडक्या बहिणींचे 2100 बजेटमध्ये आले नाहीत त्यावरून परत तेच.

यात भर म्हणजे फेब्रुवारीत थिएटरला कॉन्क्लेव्ह हा इंग्रजी पिक्चर बघितला. पोप वारतात आणि नवीन निवडायला कार्डिनल, म्हणजे पोपखालचे सगळ्यात वरचे धर्मगुरू, जमतात, सगळ्यांचे फोन काढून घेतात, खिडक्यांची शटर्स लावतात, बाहेरचा वाराही लागू नये म्हणून. पण आत काय, तर गट, आकडेमोड, कोण कोणाची मतं फोडतो! राल्फ फाइन्सने केलेला कार्डिनल लॉरेन्स जे प्रवचन देतो ना, की मला सगळ्यात भीती वाटते ती पक्क्या खात्रीची, शंकाच नसेल तर श्रद्धेची गरज काय, ते ऐकताना मला आमचा ग्रुपच दिसला. तिथे प्रत्येकाला खात्री आहे.

आता प्रश्न. एक, राजकारण सोडणं हा खरा उपवास की नुसती पळवाट? दोन, मित्राकडे पिक्चर परत बघायचा बेत आहे पण पोप फ्रान्सिस 14 फेब्रुवारीपासून हॉस्पिटलात आहेत, बायको म्हणते अशा वेळी पोपच्या मरणापासून सुरू होणारा सिनेमा कसला बघताय. मलाही धीर होत नाहीये.

ऐरोलीवाली

आम्ही प्रोटेस्टंट, माहेर नगरचं, आमच्याकडे उपवासकाळाला लेंटच म्हणतात आणि काय सोडायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. तुमचा प्रश्न वाचून मला बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा 58 वा अध्याय आठवला. तिथे लोक देवाला विचारतात की आम्ही उपवास करतो तरी तुझं लक्ष का नाही, आणि उत्तर येतं की तुम्ही उपास करता आणि त्याच दिवशी भांडता, मुठी उगारता. तेव्हा तुम्ही भांडण सोडलंत ते एकदम बरोबर, त्यासाठी कोणाची परवानगी नको. पण अध्याय तिथे थांबत नाही हो, पुढे लगेच बेड्या तोडा, दबलेल्यांना मोकळं करा, भुकेल्याला आपल्यातलं अन्न द्या असं आहे. आता हे सगळं राजकारण नाही तर काय आहे?? म्हणून मला वाटतं अर्धा उपवास झालाय, उरलेला अर्धा करायचाय.

चुलत भावाला मेसेज करू नका, घरी जा. वसई काय लांब नाही.

नेरुळचा वाचक

मी हिंदू आहे, चुकलं तर सांगा. आमची आजी चातुर्मासात कांदा-लसूण सोडायची आणि जेवताना मौन पाळायची, तिचं मौन संपलं की घरातली भांडणं अर्धी विरलेली असायची, त्यामुळे बोलणं सोडणं याला मी तरी कमी लेखणार नाही. यंदा धुळवड 14 मार्चला नेमकी शुक्रवारी आली, सोसायटीत मटणाचा बेत होता, शेजारचे ख्रिश्चन काका म्हणाले आम्हाला शुक्रवारी चालत नाही, आणि मुंब्र्याहून आलेल्या मित्राचा रोजा. मग आईने काकांसाठी पुरणपोळ्या वेगळ्या ठेवल्या आणि मित्राला संध्याकाळसाठी डबा बांधून दिला. ग्रुपवर त्याच दिवशी धर्मावरून मारामारी चालू होती आणि खाली पार्किंगमध्ये हे असं, मला ते फार जाणवलं.

एक शंका, 5 मार्च ते ईस्टरचा आदला दिवस 19 एप्रिल मोजले तर 46 दिवस होतात, मग चाळीस कसे म्हणतात?

तलावपाळी

मधले सहा रविवार धरत नाहीत, रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस म्हणून. कडक उपवास राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, तोही 18 ते 59 वयाला. मांस वर्ज्य 14 वर्षांपासून पुढे सगळ्यांना.

घोडबंदरकर, माझं मत थोडं कडक आहे, राग नको. मी तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चला जातो, क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना, करताना दर शुक्रवारी हेच मनात येतं की येशूला क्रुसावर द्यायला सोपवताना रोमन सुभेदार पिलातानेही हात धुऊन टाकले होते. राजकारण नको म्हणणाऱ्याने आधी ते आठवावं. पोप फ्रान्सिस यांनीच 2013 मध्ये इव्हांजेली गाऊदियुम या आपल्या पत्रात लिहिलंय की राजकारणाची कितीही बदनामी झाली तरी ते थोर काम आहे, प्रेमाच्या सर्वोच्च रूपांपैकी एक आहे. आता आपलं ठाणं बघा, महापालिकेची निवडणूक शेवटची झाली 2017 ला, मुदत संपली मार्च 2022 ला, तेव्हापासून आज मार्च 2025 पर्यंत प्रशासक, नगरसेवकच नाही. तुमच्या घोडबंदरच्या टॉवरांना उन्हाळ्यात टँकर लागतात, जाब विचारायचा कोणाला? याबद्दल कुठल्या ग्रुपवर कोण भांडतंय सांगा. कबरीवर भांडतील.

आणि पिक्चरमधलंच घ्या ना, शटर्स लावून बसले तरी बाहेर स्फोट होतो, वरची खिडकी फुटते, धूळ थेट त्यांच्या अंगावर. पण नंतर त्याच फुटक्या खिडकीतून वारा येतो, उजेड येतो, आणि मग ते मत देतात तेव्हा त्यांचे चेहरे बघा, मी त्या सीनला रडलो. बाहेरचं जग आत आल्यावरच त्यांना माणूस दिसला.

घोडबंदरकर

तलावपाळी काका, राग कसला, पिलाताचं वाचून बराच वेळ गप्प बसलो होतो. पण एक म्हणू का, ग्रुप बंद केल्यापासून मला संध्याकाळचा तास मिळतोय, त्यात मुलीबरोबर रोज बायबलचा एक उतारा वाचतो, आणि मनात कुणाबद्दल खदखद नसते. ते मी सोडणार नाही. चॅनल आणि ग्रुप ईस्टरपर्यंत बंदच. पाण्यासाठी मात्र आमच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांचं मिळून निवेदन द्यायचं बोलणं चालू आहे, लिहायला कोणी तयार नव्हतं, ते मी घेतो. वसईला रविवारी चर्चमधली मिस्सा (प्रार्थनाविधी) झाली की भावाकडे जाईन.

ऐरोलीवाली

जाताना एकटे जाऊ नका, मुलीला घेऊन जा, मुलांसमोर दार लावता येत नाही कोणाला. आणि पिक्चरचं म्हणाल तर आत्ता नका बघू. त्यातलं काही वाईट आहे म्हणून नाही, पण एक म्हातारा माणूस श्वासासाठी झगडतोय, आमच्या चर्चमध्येही त्यांच्यासाठी प्रार्थना चाललीय, अशात पुढचा कोण ही उत्सुकता बाजूला ठेवावी असं मला वाटतं. ईस्टरनंतर बघा की, आणि भावालाही बोलवा, मतं मोजून झाल्यावर चिठ्ठ्या सुईने दोऱ्यात ओवून जाळतात तो भाग त्याला दाखवा.