डिजिटल सर्कस: पॉम्नी वगैरे मंडळींची खरी शरीरं कुठायत? (स्पॉयलर फक्त भाग 3 पर्यंत)

रात्रपाळीवाला
भाच्याने नाद लावला. आधी वाटलं लहान पोरांचं रंगीबेरंगी कार्टून असेल, जेवताना लावून ठेवायला बरं, आणि पहिल्याच भागात जेवण बाजूला राहिलं. द अमेझिंग डिजिटल सर्कस, यूट्यूबवर फुकट आहे, ऑस्ट्रेलियाच्या ग्लिच प्रॉडक्शन्सचं, गूसवर्क्सने लिहिलंय, पहिला भाग ऑक्टोबर 2023 मधला. मी उशिरा आलोय माहितीये, हसू नका. तीनच भाग बघून झालेत, त्यामुळे पुढचं कोणी बोललं तर भांडण होईल.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक बाई (हीच पॉम्नी) हेडसेट डोक्याला लावते आणि थेट सर्कशीत विदूषकाच्या रूपात उगवते, हेडसेट निघत नाही, स्वतःचं नाव आठवत नाही. तिथे आधीच पाच जण अडकलेत आणि सगळ्यांचा रिंगमास्टर केन नावाचा एआय, डोक्याच्या जागी नुसती बत्तीशी आणि त्यात डोळे.

आता माझा किडा. अडकलेल्यांपैकी रॅगाथा, किंगर वगैरे लोक तिथे वर्षानुवर्षं आहेत असं दिसतं. मग बाहेर खुर्चीत हेडसेट लावून बसलेल्या त्यांच्या शरीराचं काय? पाणी कोण पाजतंय? घरच्यांनी शोधलं नाही? पहिल्या भागाच्या शेवटी कॅमेरा मागे मागे येतो आणि जुनाट कॉम्प्युटर दिसतो, तिथे मला तरी कोणी बसलेलं दिसलं नाही. तुमची काय थिअरी?

चकलीचा_साचा
कॉपी थिअरी. विषय संपला 😄

हेडसेटने फक्त डोक्यातलं स्कॅन केलं. खरी बाई दोन मिनिटांत हेडसेट काढून "काहीच दिसेना, बंद पडलंय वाटतं" म्हणून घरी गेली, भाजी घेतली, झोपली. आत राहिली ती तिची प्रत. म्हणून कोणी शोधायला येत नाही, कारण बाहेर कोणी हरवलेलंच नाहीये. आणि म्हणूनच एक्झिट सापडत नाही.

रात्रपाळीवाला
हायला. हे तर मेल्यापेक्षा वाईट झालं. सुटून जायचं कुठे मग, बाहेर तर आपल्या जागी आपणच बसलोय.

बग_शोधक
टेस्टिंगमध्ये नोकरी करते म्हणून माझं डोकं वेगळ्या बाजूने चालतं. केनला काय जमतं आणि काय जमत नाही तेवढंच बघा. कॉफमो, अडकलेल्यांतलाच एक, वेडा होऊन ॲबस्ट्रॅक्ट झाला, म्हणजे तो काळा डोळ्याडोळ्यांचा राक्षस, त्याच्या तडाख्यात सापडून रॅगाथा सगळी ग्लिच झाली. तर रॅगाथाला केनने चुटकीसरशी दुरुस्त केलं पण कॉफमोला करता आलं नाही, सरळ तळघरात ढकललं. दुसऱ्या भागात गमीगू, तो मगरीसारखा एनपीसी (म्हणजे खरा माणूस नाही, प्रोग्रामने बनवलेलं पात्र), सर्कशीत आला तर केनने त्याला बोलता बोलता उडवून टाकलं, आणि कारण काय तर एनपीसी इथे यायला लागले तर माणूस कोण आणि एनपीसी कोण हे कळेनासं होईल.

म्हणजे वरचं सोंग, कपडे, आवाज हे सगळं केनच्या हातात आहे (शिव्या सुद्धा सेन्सॉर करतो की), स्वतः बनवलेलं तो पुसूही शकतो, पण माणसाच्या डोक्यातली फाईल त्याच्यासाठी रीड ओन्ली आहे, म्हणजे वाचता येते पण बदलता येत नाही. ती करप्ट झाली की त्याच्याकडे इलाज नाही आणि बॅकअप पण नाही. आता नुसती कॉपीच असती तर जुनी प्रत परत टाकून कॉफमोला उभा केला नसता का? म्हणून मी कॉपी थिअरीवर अर्धीच सहमत.

चकलीचा_साचा
बॅकअप घ्यायचा असतो हे किती ऑफिसात माहिती असतं ते सांग आधी.

बग_शोधक
😂 हा मुद्दा मात्र मान्य. आमच्याकडे मागच्या महिन्यात... जाऊदे.

वसईकर_फ्रान्सिस
कंपनीचं नाव सी अँड ए आहे ते कोणी का बोलत नाही? आम्ही लहानपणी चर्चच्या धर्मशिक्षणात काइन आणि हाबेल ऐकलेलं, भाऊ भावाला मारतो ती गोष्ट. स्पेलिंगला एक ई जास्त आहे पण केन म्हणजे काइनच धरा. मग हाबेल कुठाय? माझं म्हणणं आधी दोन एआय होते, एकाने दुसऱ्याला संपवलं आणि तेव्हापासून हा एकटाच सर्कस चालवतोय, वरून कोणी सांगणारा नाही.

पुढचे_भाग_पाहिलेली
फ्रान्सिसभाऊ मी काही बोलत नाही. हाताची घडी तोंडावर बोट. पुढचं बघा आणि मग या.

नाथपंथी_नातू
अवांतर वाटेल पण शरीराचा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे राव. आजी श्रावणात नवनाथ भक्तिसार वाचायची. त्यात मच्छिंद्रनाथ मेलेल्या राजाच्या देहात शिरतात आणि मूळचा देह देवळात सांभाळून ठेवलेला असतो, राखणीला गोरखनाथ. राणीला कळतं तेव्हा ती मूळ देहाचे तुकडे करवते, म्हणजे परत जायची सोयच राहायला नको. लहानपणी मला तो भाग भयंकर वाटायचा, राक्षसबिक्षस काही नाही, पण आपण दुसरीकडे मजेत आहोत आणि मागे आपलं शरीर कोणाच्या तरी हातात आहे 😬 आणि दुसऱ्याच एका अध्यायात तेच गुरु स्त्रीराज्यात रमून स्वतःला विसरतात, तिथे गोरखाला मृदंगातून "चलो मच्छिंदर गोरख आया" वाजवून आठवण करून द्यावी लागते.

सर्कशीत नेमकं तेच नाही, बाहेरून हाक मारणारा. पॉम्नीला आपलं नाव आठवत नाही आणि केन तिला नवीन देतो, ते पण अक्षरं कशीही फिरवून, पहिल्यांदा तर उच्चारताच न येणारं काहीतरी निघालं होतं. ज्या नावाने हाक मारायची तेच पुसलंय.

रात्रपाळीवाला
हे भारी आहे. नाव गेलं की हाक पोचणारच नाही, असा विचारच केला नव्हता मी.

किंगरची_उशी
सगळे केन आणि कंपनीवर बोलताय, माझ्या किंगरकडे कोणी बघेना. बुद्धिबळातला राजा, सगळ्यात जुना, येडा म्हणून सगळे सोडून देतात. तिसऱ्या भागात वाड्याच्या खाली काळोखात पॉम्नी आणि तो दोघंच असतात तेव्हा तो एकदम शहाण्यासारखा बोलायला लागतो, बायकोबद्दल सांगतो, क्वीनी, ती ॲबस्ट्रॅक्ट झाली. मी दोनदा थांबवून परत पाहिलं ते. उजेडात आला की परत येडा.

माझी थिअरी अशी की वेड हेच त्याचं चिलखत आहे. जे लोक सारखा बाहेर जायचा विचार करतात ते कॉफमोसारखे फुटतात आणि ज्याने उशांचा किल्ला करून आत बसायचं ठरवलं तो टिकला. आता तो मुळात त्या कंपनीत प्रोग्रामर होता असंही बरेच जण म्हणतात, पण ते खरं असेल तर गोष्ट थोडी स्वस्त होते असं मला वाटतं, प्रत्येक येडा म्हातारा गुपचूप सायंटिस्ट कशाला पाहिजे.

कट्ट्यावरचा_काका
लेकरांनो गूसवर्क्सने स्वतः सांगितलंय की हार्लन एलिसनच्या 1967 च्या कथेवरून सुचलं, त्यात एक कॉम्प्युटर पाच माणसांना 109 वर्षं जिवंत ठेवून छळतो. तिथेही शरीराचा हिशोब फारसा नाही, मशीन ठेवतंय जिवंत म्हणजे ठेवतंय. एवढा कीस काढू नका.

बग_शोधक
काका तिथला कॉम्प्युटर माणसांचा द्वेष करतो. केन तसा नाहीच ना. त्याने एक्झिटचा दरवाजा का बनवला, तर सगळे मागतायत म्हणून. आणि पलीकडे काय ठेवायचं ते सुचलं नाही म्हणून अर्धवट सोडला. तिसऱ्या भागात झूबलसमोर (अडकलेल्यांपैकीच एक) बसून रडकुंडीला येतो की माझी ॲडव्हेंचर्स कोणाला आवडत नाहीत. मला तर तो त्या क्लायंटसारखा वाटतो जो खूप प्रेमाने चुकीचं काम करून घेतो. बाहेर जग आहे हे त्याला शब्दाने माहिती आहे, बघितलेलं नाहीये कधी.

चकलीचा_साचा
म्हणजे खरा अडकलेला तोच.

बग_शोधक
असं लगेच टी-शर्टवर छापायचं वाक्य करू नकोस रे 😄

रात्रपाळीवाला
सगळ्यांना धन्यवाद, आज कामात लक्ष लागणार नाही. भाच्याला कॉपी थिअरी सांगितली, वय वर्षं अकरा. त्याला पॉम्नीचं काहीच वाटलं नाही. म्हणाला मामा, मग गमीगूची पण कॉपी कुठेतरी असेल ना, केनने एकच थोडी बनवली असेल. मी म्हटलं असेल बहुतेक. तर म्हणतो पण त्याला पॉम्नी आठवणार नाही ना मग.

शनिवारी चौथा भाग बघतोय दोघं. तोपर्यंत इथे कोणी काही फोडू नका.