मदत हवी आहे: पाँटिंगच्या बॅटमध्ये स्प्रिंग नव्हती हे पुतण्याला कसं पटवू?

मंडळी, प्रश्न लहान वाटेल पण मी खरंच अडकलोय. २३ मार्च २००३, जोहान्सबर्गची वर्ल्ड कप फायनल, आपण विरुद्ध ऑस्ट्रेलिया, मी सातवीत. त्यांचा कॅप्टन पाँटिंग नाबाद १४०, आठ सिक्स, त्यांचे ३५९ आणि आपला सचिन पहिल्याच ओव्हरला ४ वर आउट. मी उशीत तोंड खुपसून रडत होतो तेव्हा दादा शेजारी येऊन बसला, म्हणाला रडू नको, पाँटिंगच्या बॅटीत स्प्रिंग सापडलीय, मॅच परत होणार. शाळेत पण तेच, कोणाच्या तरी मामाने पेपरात वाचलेलं म्हणे. मी अख्खी मे महिन्याची सुट्टी वाट बघितली.

आता दादाचा मुलगा पाचवीत आहे. २०२३ ला अहमदाबादला पुन्हा ऑस्ट्रेलियाकडून वर्ल्ड कप फायनल हरलो तेव्हा दादाने त्यालाही तीच गोष्ट सांगितली आणि गेल्या आठवड्यात पोराने मित्राच्या नव्या बॅटची ग्रिप ब्लेडने फाडली, आत स्प्रिंग आहे का बघायला. भांडण झालं, मीच बॅट रिपेअरला नेली, त्याला सोबत घेऊन. कारागिराने हँडल दाखवलं, वेताचे तुकडे चिकटवलेले आणि मध्ये काळ्या रबराच्या पातळ पट्ट्या, हाताला झिणझिण्या येऊ नयेत म्हणून. आणि सहज बोलून गेला की या पट्ट्यांनाच स्प्रिंग म्हणतात. झालं, पोरगं म्हणतं बघ काका, होती ना!

दादाचं वेगळंच, मग पाँटिंगच्या बॅटवर बंदी का आली विचारतो. ती भानगड नंतरची, कुकाबुरा कंपनीच्या त्याच्या बॅटला पाठीमागे ग्रॅफाइटची पट्टी होती, क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी क्लबने ती नियमात बसत नाही म्हटल्यावर कंपनीने २००६ मध्ये मागे घेतली. फायनलशी संबंध नाही, शिवाय पाँटिंगसारखीच रबरवाली हँडल आपल्या लोकांची पण होती, हे मी शंभरदा सांगितलं.

पोराला कसं समजावू की त्याचा बाप त्याच्या नजरेत खोटारडा ठरणार नाही? दादाने मला फसवलं नव्हतं हो, त्याला स्वतःला ते खरंच वाटत होतं, अजून वाटतं. शिक्षक किंवा अंपायरिंग केलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा.

आणि अजून एक, तुम्ही हे पहिल्यांदा कुठे ऐकलंत, कोणत्या गावात? बायको नागपूरची, मी सांगलीचा, दोघांनी शब्द न् शब्द सेम ऐकलंय, तेव्हा व्हॉट्सअॅप पण नव्हतं. कोणाकडे २४ मार्चचा पेपर जपलेला असेल तर फोटो टाका, पोराला दाखवायचाय.